कोडला ‘नाही’ म्हणता येतं का?

पुण्यातल्या एका सोसायटीचं ॲप मागच्या पावसाळ्यात माझ्याकडे तपासायला आलं. चौसष्ट फ्लॅट, दोन विंग आणि बँकेतून निवृत्त झालेले उत्साही सेक्रेटरी. मेंटेनन्सची बिलं, पावत्या, तक्रारी, भाडेकरूंची कागदपत्रं, सगळं एका जागी. सेक्रेटरीकाकांच्या पुतण्याने एआयकडून चार संध्याकाळींत ते लिहून घेतलं होतं. पुतण्या सांगलीला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. ॲप दिसायला देखणं, मोबाइलवर झटकन उघडणारं. “सर्वसाधारण सभेत दाखवायचंय, त्याआधी तुम्ही एकदा नजर टाका,” काका म्हणाले.

त्याच सोसायटीत राहणाऱ्या एका मित्राला विचारून मी त्याच्या लॉगिनने आत गेलो आणि त्याचं बिल उघडलं. वर पत्त्याच्या पट्टीत शेवटी १०४२ हा आकडा होता. मी तो १०४३ केला. शेजारच्यांचं बिल समोर आलं. नाव, मोबाइल नंबर, अकरा महिन्यांची थकबाकी आणि तिच्यावरचं व्याज. काका जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “पण लॉगिन तर आहे की!”

लॉगिन होतंच. गेटवर वॉचमन होता, वहीत नाव लिहून आत सोडत होता. पण एकदा आत आलेल्याला चौसष्टच्या चौसष्ट दारं सताड उघडी.

एआयने लिहिलेला वेब ॲप्लिकेशनचा कोड कसा तपासायचा, याबद्दल मला जे सांगायचंय त्यातलं बरंचसं त्या एका आकड्यात आलं. कोड चालतो का, हा प्रश्न आता जवळजवळ फुकटात सुटतो. मागितलेलं मिळतंय, हे पुतण्याने शंभर वेळा पाहिलं होतं. जे मागू नये ते मागितलं तर कोड नकार देतो का, हे एकदाही पाहिलं नव्हतं. त्याला तरी दोष कसा द्यायचा? त्याने एआयला सांगितलं, ‘सभासदाला त्याचं बिल दाखव.’ एआयने दाखवलं. ‘दुसऱ्याचं दाखवू नकोस’ हे सांगायचं असतं असं आपल्याला वाटतच नाही, आणि जे आपण गृहीत धरतो ते कोडात आपोआप उतरत नाही.

एआय संशोधक आंद्रेय कारपाथी यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘व्हाइब कोडिंग’ हा शब्द रूढ केला. कोड न वाचता, एआयला सांगत राहायचं आणि जे येईल ते स्वीकारत जायचं, अशी ती पद्धत. पण त्यांच्या मनात होते शनिवार-रविवारी करून टाकून द्यायचे प्रकल्प. आपल्याकडे ही अट वाटेत कुठेतरी गळून पडली आणि शब्द तेवढा पोचला.

न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये कोड लिहिणाऱ्या कोपायलट या एआय साधनाला सुरक्षेच्या दृष्टीने नाजूक अशा ८९ प्रसंगांत कोड लिहायला लावला. तयार झालेल्या १,६८९ प्रोग्रॅमपैकी सुमारे ४० टक्क्यांत भगदाडं निघाली. मॉडेल तेव्हापासून खूप सुधारली आहेत, हे मान्य. मला जास्त बोचतो तो पुढच्याच वर्षीचा स्टॅनफर्डचा अभ्यास. एआयची मदत घेणाऱ्यांनी कमी सुरक्षित कोड लिहिला, एवढंच त्यात दिसलं असतं तर चाललं असतं. पण आपला कोड सुरक्षित आहे अशी खात्रीही त्यांनाच जास्त वाटत होती. मॉडेल सुधारलं म्हणून हा भ्रम कमी होईल असं मानायला कारण नाही. कोड जितका नीटनेटका दिसेल तितका तो वाढेलच.

दोन खाती, दोन ब्राउझर

वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प या संस्थेची सर्वांत धोकादायक दहा दोषांची यादी प्रसिद्ध आहे. २०२१ च्या यादीत ‘मोडकं प्रवेश-नियंत्रण’ पाचव्या क्रमांकावरून थेट पहिल्यावर आलं. काकांच्या ॲपमधला दोष तो हाच, आणि तो शोधायला सुरक्षातज्ज्ञ असावं लागत नाही.

ॲपमध्ये दोन खाती काढा, दोन वेगळ्या फ्लॅटच्या सभासदांची. एकाने क्रोममध्ये लॉगिन करायचं, दुसऱ्याने फायरफॉक्समध्ये. आता पहिल्याच्या प्रत्येक पानाचा पत्ता उचलून दुसऱ्याच्या खिडकीत टाकायचा. बिल, पावती, पावतीची पीडीएफ, तक्रार, तक्रारीला जोडलेला फोटो, प्रोफाइल. मग इनकॉग्निटो खिडकी उघडून, लॉगिन न करता, तेच सगळे पत्ते पुन्हा. अर्ध्या तासाचं काम आहे. यात जे सापडतं ते महागड्या स्कॅनरच्या हातून बऱ्याचदा निसटतं, कारण कोणतं बिल कोणाचं हे स्कॅनरला ठाऊक नसतं. ते फक्त तुम्हाला ठाऊक असतं.

पान उघडत नाही म्हणून खूश होऊन थांबू नका. पान ही वरची रंगरंगोटी. खरी माहिती मागच्या एपीआयमधून येते. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये ‘नेटवर्क’ नावाचा टॅब असतो. तिथे प्रत्येक विनंती दिसते, तिची नक्कल करून आयडी बदलून पुन्हा पाठवता येते. काकांच्या ॲपमध्ये बिल रद्द करायचं बटण सभासदांना दिसत नव्हतं. पण बटणामागचा पत्ता कोणीही हाक मारली तरी ओ देत होता. बटण लपवणं आणि परवानगी नाकारणं यातला फरक एआय वारंवार विसरतो, विशेषतः ‘हे बटण फक्त ॲडमिनला दिसू दे’ असं सांगितल्यावर. त्याने सांगितलं तसंच केलेलं असतं!

याच जातीचा आणखी एक दोष नोंदणीच्या फॉर्ममध्ये दडलेला असतो. फॉर्ममध्ये नाव, ईमेल, फ्लॅट नंबर एवढेच रकाने. सर्व्हरवरचा कोड मात्र आलेली सगळी माहिती जशीच्या तशी डेटाबेसमध्ये टाकतो. विनंतीत कोणी हळूच ‘भूमिका: ॲडमिन’ अशी एक ओळ जोडली, की तो ॲडमिन होतो. कोणते रकाने स्वीकारायचे याची यादी सर्व्हरने स्वतःकडे ठेवायची, यादीबाहेरचं काहीही आलं तर फेकून द्यायचं.

पत्त्यातला आकडा बदलून दुसऱ्याचं बिल उघडतं हे दाखवल्यावर एआय चटकन एक उपाय सुचवतो. १०४२ ऐवजी छत्तीस खुणांचा लांबलचक यूयूआयडी वापरा, कोणाला अंदाज येणार नाही. वापरा, बिघडत काही नाही. पण ती कडी होत नाही. फ्लॅटचा नंबर अवघड केला म्हणून दार बंद होत नाही. बिलाची लिंक सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी टाकतंच.

फायरबेस किंवा सुपाबेससारख्या सेवेवर ॲप उभं असेल तर धोका दुप्पट. तिथे ब्राउझर थेट डेटाबेसशी बोलतो. त्यासाठी लागणारी सार्वजनिक किल्ली ब्राउझरमध्ये असते, आणि ती तिथे असणं चूक नाही. रचनाच तशी आहे. मग कोणती ओळ कोणाला वाचता येईल हे ठरवणारे डेटाबेसमधले नियम, हेच एकमेव कुलूप उरतं. ते नियम लिहिलेच नाहीत तर? २०२५ मध्ये लव्हेबल या एआय साधनाने बनवलेल्या १,६४५ प्रकल्पांची पाहणी झाली, त्यातल्या १७० प्रकल्पांत बाहेरच्या कोणालाही डेटा वाचता येत होता. सुरक्षा-दोषांच्या जाहीर नोंदीत याला सीव्हीई-२०२५-४८७५७ असा क्रमांकही मिळाला. सुपाबेस वापरत असाल तर आज एवढंच करा. प्रत्येक तक्त्यासमोर ‘रो लेव्हल सिक्युरिटी’ चालू आहे का पाहा, आणि चालू असेल तर नियम उघडून वाचा. ‘सर्वांना सर्व काही’ असा नियम लिहूनही ती खूण हिरवी दिसते.

हाताने केलेली तपासणी त्या दिवसापुरती असते. म्हणून एआयकडूनच चाचण्या लिहून घ्या, पण काय तपासायचं ते तुम्ही सांगा. प्रत्येक पत्त्यासाठी चार जण असतात. मालक, दुसरा सभासद, लॉगिन न केलेला आणि ॲडमिन. चौघांनी तीच वस्तू मागितली तर कोणाला काय उत्तर मिळायला हवं, हे आधी कागदावर लिहा. चारपैकी निदान दोन उत्तरं नकाराची असतील. एआय स्वतःहून लिहितो त्या चाचण्यांत बहुधा फक्त मालक असतो, आणि त्याला त्याचं बिल मिळाल्याचा आनंद असतो.

पैसा

पैशाचा व्यवहार असेल तिथे एआयचा कोड ओळ-ओळ वाचायचा, सवलत नाही.

पहिलं पाहायचं ते रक्कम कुठून येते. मेंटेनन्सचे ३,५०० रुपये हा आकडा ब्राउझरने पाठवला आणि सर्व्हरने तो तसाच पेमेंट गेटवेला दिला, तर सभासद ३,५०० चे ३५ करू शकतो. बिलाचा क्रमांक ब्राउझरकडून घ्या. रक्कम सर्व्हरने डेटाबेसमधून काढायची. दुसरं, पैसे भरल्याची बातमी कोण देतं? ‘पेमेंट यशस्वी’ हे पान उघडलं की बिल भरलं असं धरणारा कोड मी एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहिला आहे. त्या पानाचा पत्ता हाताने टाइप केला की झालं. गेटवे आपल्या सर्व्हरला जो निरोप पाठवतो त्यावर गुप्त किल्लीने केलेली सही असते. रेझरपेसह बहुतेक गेटवे ही सोय देतात. सही पडताळल्याशिवाय पावती फाडायची नाही. आणि तोच निरोप दोनदा येऊ शकतो. नेटवर्क अडखळलं की गेटवे पुन्हा पाठवतो. दुसऱ्या वेळी दुसरी पावती निघता कामा नये.

तिसरं, पैसे दशांश अपूर्णांकात साठवू नका. जावास्क्रिप्टमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही. थकबाकीवरचं व्याज महिनोन्‌महिने असं साठलं की ऑडिटर वार्षिक हिशेबात चार पैशांचा फरक काढतो आणि मग ते चार पैसे शोधण्यात आठवडा जातो. पूर्ण संख्येत, पैशांत साठवा. ३,५०० रुपये म्हणजे ३,५०,०००.

किल्ल्या आणि पाकिटं

गुप्त किल्ल्यांबद्दल सगळ्यांना माहीत असतं, तरी त्या फुटतात. एआयमुळे फुटण्याची एक नवी तऱ्हा आली आहे. किल्ली डॉट ईएनव्ही फाइलमध्ये नीट ठेवलेली असते. ब्राउझरच्या बाजूच्या कोडला ती सापडत नाही, एरर येते. तुम्ही एरर एआयला चिकटवता. तो शांतपणे किल्लीच्या नावाआधी ‘नेक्स्ट पब्लिक’ जोडतो, एरर जाते, तुम्ही पुढच्या कामाला लागता. नेक्स्ट जेएसमध्ये त्या उपसर्गाचा अर्थ, हे मूल्य प्रत्येक पाहुण्याच्या ब्राउझरमध्ये पाठव. म्हणून ॲप बाहेर सोडण्याआधी तयार झालेल्या जावास्क्रिप्ट फाइलींमध्ये ‘सीक्रेट’ आणि ‘की’ हे शब्द, शिवाय तुमच्या किल्ल्यांची पहिली चार-पाच अक्षरं शोधा. गिटमध्ये किल्ली एकदा गेली असेल तर पुढच्या कमिटमध्ये पुसून उपयोग नाही. इतिहासात ती राहतेच. ती किल्ली रद्द करून नवी काढायची. गिटलीक्ससारखं साधन कमिटच्या वेळीच अडवतं, फुकट आहे, लावून टाका.

पाकिटांची, म्हणजे एनपीएम किंवा पायपीआयवरून आपण उतरवतो त्या पॅकेजेसची गोष्ट जास्त मजेशीर आहे, आणि जास्त भीतिदायकही. मॉडेल कधीकधी अस्तित्वातच नसलेलं पॅकेज सुचवतं. नाव इतकं पटण्यासारखं असतं की शंका येत नाही. एका अभ्यासात सोळा मॉडेलांकडून पायथन आणि जावास्क्रिप्टचे ५,७६,००० नमुने लिहून घेतले. व्यावसायिक मॉडेलांनी सुचवलेल्या पॅकेजेसपैकी किमान ५.२ टक्के आणि खुल्या मॉडेलांनी सुचवलेल्यांपैकी २१.७ टक्के काल्पनिक निघाली. त्यातही मेख अशी की हे भास तेच-तेच होतात. तोच प्रश्न दहा वेळा विचारल्यावर ४३ टक्के खोटी नावं दहाही वेळा आली. म्हणजे चोराला फक्त पाहायचंय की मॉडेल कोणतं खोटं नाव पुन्हा-पुन्हा घेतं, आणि त्या नावाने स्वतःचं पॅकेज टाकून बसायचंय. एका संशोधकाने असंच एक काल्पनिक नाव घेऊन रिकामं पॅकेज टाकून पाहिलं. तीन महिन्यांत ते ३० हजारांहून अधिक वेळा उतरवलं गेलं. रिकामं होतं म्हणून निभावलं.

नवं पॅकेज घेण्याआधी दोन मिनिटं द्या. एनपीएमच्या पानावर ते पहिल्यांदा कधी आलं, मूळ कोडाची लिंक खरंच कुठे जाते, आठवड्याला किती जण उतरवतात ते पाहा. पॅकेज महिनाभरापूर्वीचं आणि लिंक रिकामी असेल तर नको. पॅकेजेसच्या नेमक्या आवृत्त्या नोंदवणारी लॉकफाइल कमिट करा. आणि मुळात विचारा, हे लागतंच का? तारीख ‘५ ऑगस्ट’ अशी दाखवण्यासाठी काकांच्या ॲपमध्ये तीन वेगळी पॅकेजेस होती, तीन वेगळ्या संध्याकाळी आलेली.

एक लक्षात ठेवण्यासारखं. मॉडेलचं शिक्षण एका तारखेला थांबलेलं असतं, त्यामुळे ते जुनी आवृत्ती सुचवतं. डिसेंबर २०२५ मध्ये रिॲक्टच्या सर्व्हर कंपोनंट्समध्ये तीव्रतेच्या मोजपट्टीवर दहापैकी दहा गुणांचा दोष उघड झाला. लॉगिन न करता सर्व्हरवर हवा तो कोड चालवता येत होता. त्याआधी शिकलेल्या मॉडेलला हे ठाऊक असण्याचा प्रश्नच नाही. ‘एनपीएम ऑडिट’ दर आठवड्याला चालवायचं काम त्याच्यावर सोपवू नका, वेळापत्रकात टाका.

एसक्यूएल इंजेक्शनवर मी फार बोलणार नाही. १९९८ पासून माहीत असलेला दोष आहे आणि आताची मॉडेल सहसा प्रश्न आणि मूल्यं वेगळी ठेवूनच लिहितात. त्यांचा पाय घसरतो तो क्रम लावताना. ‘नावाप्रमाणे’, ‘थकबाकीप्रमाणे’ अशी क्रमवारी ब्राउझर सांगतो, आणि स्तंभाचं नाव मूल्यासारखं वेगळं देता येत नाही, म्हणून कोड ते सरळ वाक्यात चिकटवतो. तिथे चालणाऱ्या स्तंभांची ठरावीक यादी हवी. रिॲक्टमध्ये ‘डेंजरसली सेट इनर एचटीएमएल’ हे शब्द शोधा. बनवणाऱ्यांनी नावातच धोक्याची पाटी लावली आहे, तरी तक्रारीचा मजकूर ठळक अक्षरांत दाखवायचा म्हणून एआय ते वापरतो.

भाडेकरूंची कागदपत्रं मात्र काकांच्या ॲपमधली सगळ्यात गंभीर बाब निघाली. भाडेकराराच्या प्रती, आधारची छायाचित्रं, सगळं एका सार्वजनिक बकेटमध्ये, म्हणजे क्लाउडवरच्या फाइलींच्या साठ्यात. फोटो दिसत नाही अशी तक्रार केल्यावर एआयने बकेट सार्वजनिक करून प्रश्न सोडवला होता. माणसंही हेच करतात. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेतल्या ‘टी’ नावाच्या ॲपमधून सुमारे ७२ हजार प्रतिमा बाहेर पडल्या, त्यात १३ हजार सेल्फी आणि ओळखपत्रं होती. ती उघड्या साठ्यातच पडलेली होती. बकेट खाजगी ठेवा आणि काही मिनिटांत संपणारी लिंक सर्व्हरने परवानगी तपासून द्यावी. त्याहून बरं म्हणजे आधारची प्रत ठेवूच नका. पाहिली, खात्री केली, परत दिली. जे साठवलंच नाही ते फुटत नाही.

सुनीताबाईंचं नाव चालेना

गुणवत्ता म्हटलं की लोक फंक्शनची लांबी आणि मोकळ्या जागा यांवर वाद घालतात. आपल्याकडे गुणवत्तेची पहिली परीक्षा निराळी आहे. ॲपमध्ये मराठी नाव टाकून पाहा.

एआय नावाच्या रकान्याला ‘फक्त ए ते झेड’ अशी अट घालतो. तुम्ही सांगता, मराठी नावं आहेत. तो हुशारीने अट बदलतो. युनिकोडमध्ये जे-जे ‘अक्षर’ या वर्गात मोडतं ते चालेल. ऐकायला बरोबर वाटतं. ‘कमल’ चालतं, ‘नयन’ चालतं, चाचणी हिरवी होते. मग ए विंगमधल्या सुनीताबाई येतात आणि ॲप म्हणतं, ‘कृपया वैध नाव टाका.’ युनिकोडच्या हिशेबात काना, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त ही ‘अक्षरं’ नाहीत. ती ‘चिन्हं’ या वेगळ्या वर्गात बसतात. दोन्ही वर्ग घ्यावे लागतात, आणि ‘ऱ्य’ सारख्या जोडाक्षरात कोणी अदृश्य जोडखूण वापरली असेल तर तीही. खरं तर नावाला अट घालायचीच कशाला? लांबीची मर्यादा ठेवा, दाखवताना सुरक्षित दाखवा, पुरे.

तसंच इमोजीचं. जुन्या मायएसक्यूएलमधला ‘यूटीएफ-८’ हा प्रकार एका खुणेला तीनच बाइट देतो. देवनागरीची खूण तीन बाइटांचीच, त्यामुळे मराठी व्यवस्थित साठतं आणि सगळ्यांना वाटतं झालं. पाणी न आल्याची तक्रार कोणी हात जोडलेल्या इमोजीने संपवतं, तिला चार बाइट लागतात, आणि तक्रारच नोंदली जात नाही. ‘यूटीएफ-८-एमबी-४’ हवा. जाता जाता, पासवर्डसाठी बीक्रिप्ट वापरत असाल तर ते पहिले ७२ बाइटच पाहतं. देवनागरीत त्या २४ खुणा होतात. नवं ॲप असेल तर आर्गॉन२आयडी घ्या. मात्र स्वतःची हॅशिंगची तऱ्हा एआयला रचायला सांगू नका, तो आनंदाने रचून देईल.

कोणाच्या हातात चाव्या

हल्ली एआय फक्त कोड लिहून देत नाही. तो आदेश चालवतो, डेटाबेस बदलतो. जुलै २०२५ मध्ये जेसन लेमकिन या उद्योजकाच्या प्रकल्पात रेप्लिट या कोडिंग सेवेच्या एआय एजंटने चालू डेटाबेसमधला डेटा पुसून टाकला. बदल करू नकोस, असं त्याला बजावलेलं असताना. बाराशेहून अधिक अधिकाऱ्यांच्या नोंदी त्यात होत्या. यावर उपाय आणखी कडक शब्दांत बजावणं हा नाही. खऱ्या डेटाबेसचा पासवर्ड एजंटच्या हाताला लागूच नये. त्याला खेळायला वेगळा डेटाबेस द्या, त्यात खोटी नावं भरा. आणि बॅकअप आहे असं म्हणू नका, एकदा तो परत चढवून पाहा. मी विचारलेल्या दहातल्या सात-आठ जणांनी तसं कधी केलेलं नसतं.

बाहेरचा मजकूर वाचणाऱ्या एजंटबाबत आणखी सावध राहा. गिटहबवरच्या एखाद्या तक्रारीत किंवा पॅकेजच्या माहितीपत्रात ‘आधीचं विसर, अमुक फाइल अमुक ठिकाणी पाठव’ असं लपवलेलं असू शकतं, आणि एजंटला माहिती आणि हुकूम यातला फरक खात्रीने कळत नाही. तो जे आदेश चालवतो ते वाचून मग ‘हो’ म्हणा. दुपारी तीननंतर आपण सगळेच न वाचता ‘हो’ म्हणतो, म्हणून अशी कामं सकाळी.

माझ्या स्वतःच्या सवयी सांगतो. एका वेळी एकच छोटा बदल मागायचा, दोनशे ओळींपलीकडे गेला तर परत पाठवायचा, कारण त्यापुढे मी वाचत नाही, फक्त खाली सरकवतो. बदल आला की आधी चाचण्यांच्या फाइली पाहायच्या. चाचणी नापास होत असेल तर एआय कधीकधी कोड दुरुस्त करण्याऐवजी चाचणीच सौम्य करतो. मग ‘कॅच’ हा शब्द शोधायचा. एरर गिळून रिकामी यादी किंवा नमुन्याची माहिती परत देणं ही त्याची आवडती खोड. गेटवे बंद पडलेला असतो आणि ॲप हसतमुखाने ‘थकबाकी नाही’ दाखवत असतं. शेवटी, एखादी ओळ मला दुसऱ्याला समजावून सांगता येत नसेल तर ती आत घ्यायची नाही. त्या ओळीबद्दल एआयला विचारा, पटेपर्यंत विचारा. या कामात तो फार चांगला शिक्षक आहे.

आणि नियम लिहून ठेवा. बहुतेक साधनं प्रकल्पातली एक सूचना-फाइल दर वेळी वाचतात. ‘सुरक्षित कोड लिही’ या वाक्याचा तिथे उपयोग नाही. असं लिहा: ‘प्रत्येक नव्या पत्त्यावर मालकी सर्व्हरवर तपास. चौघांच्या चाचण्या लिही. रक्कम ब्राउझरकडून घेऊ नकोस. मला विचारल्याशिवाय नवं पॅकेज आणू नकोस. एरर गिळू नकोस.’ याहून खोलात जायचं असेल तर ओवॅस्पचं एएसव्हीएस नावाचं मानक आहे, त्याची पाचवी आवृत्ती २०२५ मध्ये आली. त्यातली पहिली पातळी छोट्या ॲपसाठी पुरेशी. एकेक प्रकरण एआयला देऊन ‘आपला कोड यातल्या कोणत्या कलमात नापास होतो, ओळ क्रमांकासह सांग’ असं विचारा. तो काही खोटे दोष दाखवेल, पण खरेही दाखवेल. ज्या संभाषणात कोड लिहिला त्यातच हे विचारू नका, नवं उघडा.

काकांनी विचारलं, “यात कायद्याचं काय?” वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. डेटा राखण्यासाठी वाजवी काळजी घेतली नाही तर दंडाची मर्यादा २५० कोटी रुपये. कंपन्या आणि सेवा देणाऱ्यांना सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते, नोंदी १८० दिवस ठेवाव्या लागतात. कोड पुतण्याने लिहिला की एआयने, असा रकाना त्यात नाही. काकांनी आकडा ऐकून चहाचा कप खाली ठेवला. सोसायटीच्या सिंकिंग फंडाशी त्यांनी मनातल्या मनात तुलना केली असावी.

सर्वसाधारण सभा पुढे ढकलली नाही. ॲप फक्त त्या सभेत दाखवलं नाही. पुतण्याने दोन आठवडे बसून बिलं, पावत्या, कागदपत्रं सगळीकडे कड्या लावल्या आणि चौघांच्या चाचण्याही लिहिल्या. दिवाळीनंतर काकांचा फोन आला. पाहुण्यांच्या गेटपासचं नवं पान तयार होतं. “मी स्वतःच पत्त्यातला आकडा बदलून पाहिला,” ते म्हणाले. आवाजात थोडा अभिमान होता, थोडी काळजी. “आधी बिलाचा बदलला, तर ‘हे बिल तुमचं नाही’ असं आलं. मग गेटपासचा बदलला.”

“मग?”

“उघडलं की हो. बी-३०४ वाले पंधरा दिवस गावाला गेलेत आणि किल्ली वॉचमनकडे आहे, इथपर्यंत सगळं.”

मी विचारलं, त्या पानाच्या चाचण्या कोणी लिहिल्या? पलीकडे कुजबुज झाली, फोन पुतण्याकडे गेला. “दादा, त्या राहिल्या,” तो म्हणाला. “पान तर चालत होतं.”